आमच्यानंतर कोण

९ सप्टेंबर २००६, शनिवार

अरुणने आज मरायचं ठरवलं. म्हणजे लगेच नाही. आधी फॉर्म भरायचा, मग सावकाश.

परवा त्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणी एक बाई येऊन ‘तुमच्यानंतर तुमच्या कुटुंबाचं काय’ या विषयावर बोलून गेली. पिझ्झा फुकट होता म्हणून हा गेला. आला तो गंभीर होऊन. आज चहाच्या आधीच कॉम्प्युटर लावून बसला. एक वेबसाइट आहे— ती प्रश्न विचारते, आपण टाइप करायचं, शेवटी मृत्युपत्र तयार. वकील नको, काही नको.

मी म्हटलं, मृत्युपत्र म्हणू नकोस, इच्छापत्र म्हण. आलं लगेच तुझं संस्कृत, म्हणाला. आलं तर आलं. नागपूरच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, त्याचा उपयोग एवढाच उरलाय.

घर, दोन गाड्या, बर्फ उडवायचं मशीन, माझ्या आईचं चांदीचं ताम्हन. आयुष्यभराची जमवाजमव दोन पानांत बसली. मला वाटलं होतं निदान तीन होतील.

१० सप्टेंबर

गाडी अडली. पुढचं पान— दोघेही नसाल तर अज्ञान मुलांचा सांभाळ कोण करणार? अज्ञान म्हणजे कायद्याने अठराच्या आतलं. अंतरा चौदाची आहे आणि तिच्या मते घरातले अज्ञान लोक दुसरेच आहेत.

मी पोळ्या करत होते. परत येऊन बघते तर अरुणने नाव टाकूनही झालं होतं. जगन्नाथ. त्याचा मोठा भाऊ, आमचे दादा, नागपूरचे.

दादांना विचारलंस का, म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? मोठा भाऊ आहे."

या घराण्यात विचारत नाहीत. दादांनी अरुणला हॉस्टेलवर नेऊन टाकलं तेव्हा विचारलं नव्हतं. आमचं लग्न ठरवलं तेव्हाही अरुणला बहुतेक नंतरच कळवलं असावं. प्रेम फार, विचारपूस शून्य.

मी माझं म्हणणं मांडलं. दादा चौसष्टचे. शिवाय त्यांच्या पदरात विष्णू आहे. दादांचा एकुलता एक— वय चौतीस, पण शर्टाची बटणं अजून नीलावहिनी लावतात, आणि घरात एकटा राहिला तर घाबरून रडतो. त्यात आणखी आमची, मराठीत ‘मी आली’ म्हणणारी पोर नेऊन टाकायची? तिची शाळा इथे, मैत्रिणी इथे. समोर वसुधा राहते. अंतरा तिला मावशी म्हणते आणि आमच्यापेक्षा तिचं जास्त ऐकते. वसुधाचं नाव घाल.

"घरचे सोडून परक्यांचं नाव?"

मग जेवायला बसलो. अंतराने विचारलं, इंग्रजीत, की म्हणजे मी कुणाला मिळणार? जसं काही तीही ताम्हनच.

११ सप्टेंबर

अबोला. भाजी मात्र संपवली.

१३ सप्टेंबर

अबोला संपला, कारण अरुणला रागवायला दुसरं कुणीतरी मिळालं. वेबसाइटने शेवटी सांगितलं की सगळं टाइप करून झाल्यावर छापा, आणि दोन साक्षीदारांसमोर शाईने सही करा. त्याला वाटलं होतं, ‘मान्य आहे’वर क्लिक केलं की झालं. सॉफ्टवेअरवाल्याचा एवढा अपमान कुणी केला नसेल. "दोन हजार सहा साल चालू आहे आणि पेन लागतं!" ऑफिसातून आल्यापासून घरात हेच.

साक्षीला समोरचे कुमार आणि त्यांच्या शेजारचा म्हातारा नॉर्वेजियन असं ठरलं. कुमार म्हणजे वसुधाचे यजमान, हार्टचे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेत. ते म्हणाले, पितृपक्ष चालू आहे, आत्ता असल्या कागदावर सही नको यार, दसऱ्याला करू. मी म्हटलं, डॉक्टर, या पंधरवड्यात सगळे पितर रजेवर खाली आलेले असतात, भावी पितरांनी कागद करायला याहून सोयीचा काळ कोणता? ते हसले नाहीत. माणसांची हृदयं उघडून पाहिलेला माणूस, पण तिथीला टरकतो.

असो. दसरा. तोवर पालकाच्या रकान्यात दादा आहेत. मी पुसत नाही, तो पुसत नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज मी शहाणपणा केला. आपणच दादांना सरळ विचारावं, त्यांना झेपणार नाही असं तेच म्हणतील, आणि अरुणला वाईटपणा येणार नाही— असा माझा हिशोब. रात्री अरुण जेवून फिरायला गेल्यावर कॉलिंग कार्ड घासून नागपूरला फोन लावला.

फोन नीलावहिनींनी घेतला. दादा विष्णूला घेऊन बागेत गेले होते. रोज सकाळी नेतात. मग काय, त्यांनाच सांगितलं. पण सांगणार कसं? आम्ही मेलो तर, असं जावेला फोनवर कसं म्हणायचं? मी म्हटलं, वहिनी, आम्ही जरा कागदपत्रं करून ठेवतोय. पुढचं मागचं. अंतराचं वगैरे.

मग वहिनींचा आवाज एकदम बारीक.

"काय झालं भाऊजींना? खरं सांग सुवर्णा."

काही नाही झालं, म्हटलं. ठणठणीत आहे, आत्ताच तिसरी पोळी मागून गेला.

"काही नाही झालं तर कागद कशाला?"

तर्कशास्त्राच्या दृष्टीने वहिनींचं बरोबर आहे. आमच्याकडे कागद तेव्हाच होतात जेव्हा डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसतात. तेवढ्यात कार्डातली मिनिटं संपली आणि फोन कटला. वहिनींना वाटलं असणार मी रडायला लागले.

१७ सप्टेंबर

सकाळपासून पाच फोन. पुण्याहून मावससासूबाईंनी विचारलं की कुठल्या स्टेजला आहे. अरुणने स्वतः फोन घेऊन सांगितलं, मी बरा आहे. त्या म्हणाल्या, असंच हसतमुख राहा रे बाबा.

नागपूरला महामृत्युंजयाचा जप बसवलाय. उच्चार कोण करतंय देव जाणे.

अरुण माझ्याशी बोलत नाही. आता मात्र त्याचं बरोबर आहे.

२० सप्टेंबर

दादा येतायत! अमेरिकेचा व्हिसा कधीचा काढून ठेवला होता, विष्णूला सोडून निघता येत नाही म्हणून तसाच पडून होता. आयुष्यात विमानात बसले नाहीत. अरुणने परोपरीने सांगितलं की दादा, मला काहीही झालेलं नाही. ते म्हणाले, "बरं बरं. मी रविवारी येऊन राहिलो."

विष्णूचं काय, असं अरुणने विचारलं तेव्हा म्हणाले, नीला बघते, आणि फोन ठेवला.

२४ सप्टेंबर

दादा आले. अंगारा, तीर्थाची बाटली, संत्रा बर्फीचे तीन डबे. तीर्थ सिक्युरिटीने काढून घेतलं. अरुणला पाहिलं आणि मिठी मारायला उघडलेले हात तसेच राहिले. याचं पोट बघून त्यांना काय बोलावं सुचेना. मरणाऱ्या माणसाने इतकं जाड असणं शिष्टाचाराला सोडून आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काहून रे, जाड झाला तू," एवढंच म्हणाले. आणि मग पार्किंग येईपर्यंत त्याचा दंड सोडला नाही.

२६ सप्टेंबर

अजून विश्वास बसलेला नाही. अरुण जेवताना समोर बसून घास बघतात. काल डॉक्टर कुमारांना अंगणात बाजूला घेऊन विचारलं. कुमार म्हणाले, थोडं कोलेस्टेरॉल आहे. दादा आत आले ते घाम पुसत. त्यांनी तो शब्द कॅन्सरच्याच घरातला धरला असावा. मग कुमारांना पुन्हा बोलावून समजवावं लागलं.

रोज दोनदा नागपूरला फोन. वहिनींशी अर्धं मिनिट, विष्णूशी बाकी सगळं कार्ड. "जेवला का? काय जेवला? मी विमानातून येतो. हो, मोठ्या." रोज हेच, शब्द न शब्द. विष्णूला तेच ऐकायचं असतं.

३० सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवते.

दुपारी दादा म्हणाले, तो तुमचा कागद तरी दाखवा, ज्याच्यापायी मी सात समुद्र ओलांडले. अंतराने त्यांना कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि एकेक पान मराठीत सांगायला लागली. तिच्या मराठीत. घर, गाड्या, बर्फाचं मशीन. दादा नातवाचं प्रगतिपुस्तक बघावं तसे मान हलवत होते. मग ते पान आलं. अंतरा म्हणाली, "दादाकाका, इथे विचारते की आई-बाबा नाही तर मुलाला कोण बघणार. इथे तुमचं नाव आहे."

दादांनी चष्मा काढला. मला वाटलं आता म्हणतील, हो, मी आहे ना. नाहीतर म्हणतील, मला झेपणार नाही. माझी दोन्हींची तयारी होती.

ते म्हणाले, "पोरीला इथून उपटू नका. ती समोरची बाई चांगली आहे, तिच्याकडे राहू द्या."

अरुण काही बोलायच्या आत पुढे म्हणाले,

"अरुण, तू जाऊन राहिला, वाचत नाही, असं नीला म्हणाली, तेव्हा मी पहिले तुझा विचार नाही केला. पहिले विष्णूचा केला. आमच्यानंतर तू आहेस, असं मी धरून चाललो होतो. तो लहान होता तेव्हापासून."

अरुण म्हणाला, "दादा, तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

"म्हणायचं काय त्यात? भाऊ आहेस."

स्क्रीनवर कर्सर लुकलुकत होता, दादांच्या नावापुढे. एका भावाने दुसऱ्याचं नाव न विचारता लिहून टाकलं, दुसऱ्याने पहिल्याचं न लिहिता धरून ठेवलं. आणि हा माणूस उडाला तो भाऊ मरतोय म्हणून, आणि त्याहून जास्त विष्णू उघडा पडतोय म्हणून. यातलं कुठलं प्रेम कुठे संपतं, मला सांगता येणार नाही.

अंतराने हळूच दादांचं नाव खोडलं आणि वसुधामावशीचं लिहिलं. मग इंग्रजीतच विचारलं, की मग विष्णूदादाचा फॉर्म कुठे आहे?

कुठेच नाही.

१ ऑक्टोबर

आज अरुणने गॅरेज आवरलं. गेल्या तीन वर्षांत आवरलं नव्हतं. त्याला मला काहीतरी विचारायचंय हे कळतंय, आणि तो विचारणार नाही हेही.

विचारेल तरी काय? मी तेच बोलले होते ना— त्यांच्या पदरात विष्णू आहे. पदर दादांचा, म्हणून किती सोपं गेलं वाक्य.

२ ऑक्टोबर, दसरा

सही झाली नाही. कुमार नवा शर्ट घालून आले, नॉर्वेजियन म्हातारा स्वतःचं पेन घेऊन आला. अरुणने सांगितलं, कागदात दुरुस्ती आहे, मग बघू. दोघांना श्रीखंड-पुरी वाढली. म्हाताऱ्याने श्रीखंड पुरीला लोण्यासारखं लावून खाल्लं आणि म्हणाला, असल्या सह्यांना मी कधीही येईन.

वसुधाला मात्र मी विचारलं. स्वयंपाकघरात, स्पष्ट शब्दांत, आम्ही मेलो तर, असं म्हणून. ती म्हणाली, तोंड धू आधी. मग म्हणाली, हे काय विचारणं झालं का. मी म्हटलं, हो, हे विचारणंच झालं, आता उत्तर दे. दिलं. हो म्हणाली, आणि डोळे पुसत उरलेल्या पुऱ्या घेऊन गेली.

५ ऑक्टोबर

दादांनी विषय पुन्हा काढला नाही. उलट मलाच म्हणाले, तू मनावर घेऊ नको सुवर्णा, मी बोलून गेलो. त्यांनी गॅरेजमधलं बर्फाचं मशीन सुरू करून पाहिलं, बर्फ नसताना. आवाज ऐकून खूश झाले. म्हणाले, विष्णूला आवडलं असतं.

८ ऑक्टोबर

दादा गेले. विमानतळावर अंतराला दोन डॉलर दिले, आमच्याच घरात सापडलेले. आत शिरताना मागे वळून अरुणकडे बघितलं— घास मोजायचे तसंच.

येताना गाडीत अरुण म्हणाला, ट्रॅफिक बरा आहे आज.

१० ऑक्टोबर

वेबसाइटला अठराच्या वरचं मूल कळत नाही. सकाळी, अरुण आंघोळीला गेला असताना, खऱ्याखुऱ्या वकिलाला फोन केला. त्याच्या ऑफिसातल्या बाईने माझं नाव, पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, मुलं किती?

मी म्हटलं, दोन.