ताईच्या चपला

ताई,

आज तुझा एमआरआय मीच काढला. स्क्रीनवर काहीही दिसो, टेक्निशियनने पेशंटला अवाक्षर सांगायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून हे पत्र लिहितेय, पण तुला देणार नाही.

गर्भाशयाच्या मुखावरची गाठ लहान आहे गं, दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. मनात म्हटलं, सुटलो! पहिली स्टेज, ऑपरेशन केलं की झालं. तेवढ्यात ओटीपोटात उजवीकडे एक लिम्फ नोड सुजलेला दिसला. तिथे कॅन्सर पोचला असेल, तर मूळ गाठ कितीही लहान असो, स्टेज थेट तिसरी. मग ऑपरेशन नाही, रेडिएशन आणि केमो. वरचे, पोटातले नोड मी पुन्हा पुन्हा पाहिले. ते स्वच्छ आहेत. निदान एवढं तरी तुला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"काय दिसलं?" तू विचारलंस.

"डॉक्टर सांगतील," म्हणाले आणि खाली वाकून तुझ्या पायात चपला घालायला लागले.

तू माझं डोकं थोपटलंस. "कळलं मला. आजवर साधं पाणी कधी आणून दिलं नाहीस, आणि आज चपला?"

तुझीच,
आळशी