निवळशंख

नोएडा, १८ नोव्हेंबर

अरबी समुद्राचा उपग्रह-नकाशा घरी घेऊन आले होते. शेवाळ असेल तिथे हिरवं, नसेल तिथे निळं. निळं फार पसरलंय. रेवा लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, "आई, कितना साफ पाणी आहे."

"निवळशंख," मी सवयीने म्हटलं. तिला शब्दच माहीत नव्हता. तळ दिसेल इतकं स्वच्छ, असं सांगितलं. मग हेही सांगावं लागलं की समुद्राला ते बरं नव्हे. वर गरम पाणी झाकणासारखं बसतं, तळाशी साठलेलं खत वर येत नाही, शेवाळ वाढत नाही, मग मासे काय खाणार? पाणी ढवळलं जायला हवं.

तेव्हा अनिरुद्ध आत बॅग भरत होता. गुरुग्रामला फ्लॅट घेतलाय त्याने, एकट्यासाठी. दारात म्हणाला, "आपण कधी भांडलोसुद्धा नाही, यार."

मी म्हटलं, "गाडी सावकाश चालव." एवढंच? आत इतकं साठलेलं असताना?

आई सगळ्यांना सांगायची, आमच्या मुलीचा संसार निवळशंख आहे. मला किती बरं वाटायचं.

जेवताना रेवाने विचारलं, "बाबा परत येणार ना?" आणि ताटावरच रडायला लागली. मी तिचे डोळे पुसले. "शहाणी ना माझी? रडायचं नाही."

ती गप्प झाली. लगेच. वरणभात संपवला, ताटसुद्धा उचललं.

इतक्या पटकन शिकली.