टोपलीवरचा वरवंटा

आबा,

काल मी वन खात्याची माणसं घेऊन परळीच्या आपल्या घरी गेले आणि धाकट्या भावानं पाळलेले साप त्यांच्या स्वाधीन केले. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायची सोय नाही, म्हणून मीच लिहिते. नागाची एक जोडी होती आणि एक घोणस. तुमचे नाग वेताच्या टोपलीत असायचे, याचे प्लास्टिकच्या डब्यांत होते, झाकणांना तापल्या सळईनं भोकं पाडलेली. जागा मात्र तुम्हीच ठरवलेली. जिथे आपली चूल होती तिथे आता गॅसचा ओटा आहे, आणि डबे त्या ओट्याखाली होते. थंडीत त्यांना ऊब लागते, हे तो तुमच्याकडूनच शिकला.

मला तुमचे हात आठवतात, आबा. मी बोर्डिंगमधून दिवाळीच्या सुट्टीला घरी आले आहे, तुम्ही थर्मल वीज केंद्रातली पाळी संपवून येता, राखेनं माखलेले हात कोपरापर्यंत धुता आणि आधी टोपलीपाशी बसता. एकदा दारात गारुडी आला होता, त्याच्या नागाचं तोंड शिवलेलं होतं. तुम्ही त्याच्या थोबाडीत मारलीत, पुंगी मोडलीत, नाग काढून घेतलात आणि आईच्या भरतकामाच्या कात्रीनं ते टाके एकेक करून कापलेत. इतके हलके चालणारे हात मी त्यानंतर कुठल्या डॉक्टरचेही पाहिले नाहीत. आईच्या अंगावर ते तसे हलके पडलेलेही पाहिले नाहीत. तोच नाग तुम्ही ठेवून घेतलात. दात काढलेला नाग ठेवण्यापेक्षा दोरी ठेवावी, म्हणायचात. दात शाबूत असलेला नाग घरात आहे, म्हणून तुमचे साहेब लोक पाव्हण्यांना घेऊन चहाला यायचे. आई चहा करायची. भाकरी थापतानासुद्धा ती टोपलीकडे पाठ करून कधी बसली नाही, परातीपुढे तिरकी बसायची. तिची ती बसण्याची तऱ्हा दाखवून तुम्ही पाव्हण्यांना हसवायचात. "भितीय कावून? तुज्यापेक्षा लई गुणाचा हाय. तोंड उघडीत न्हाई." पाव्हणे हसायचे. आईही पदर तोंडाला लावून हसायची, आणि मला वाटायचं की आपलं घर किती मजेचं आहे.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला घरच्या पाळीव प्राण्याविषयी बोलायला सांगितलं होतं. मी उठून इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे नाग आहे, खरा, विषारी. मुली किंचाळल्या, मला फार बरं वाटलं. सिस्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या आईला विचारून ठेवलाय का?" मला हा प्रश्नच कळला नाही. सुट्टीत तो तुम्हाला गंमत म्हणून सांगितला, तर तुम्ही म्हणालात, "तिला काय इचारायचं?" आणि त्याच संध्याकाळी नागानं टाकलेली कात मला दिलीत. अख्खी होती ती, डोळ्यांवरच्या खवल्यांसकट. माझ्या इंग्रजीच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवायला. तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू, जी दुसऱ्या कुणावर छाप पाडण्यासाठी दिली नव्हती.

टोपलीच्या झाकणावर वजन म्हणून तुम्ही घरातला वरवंटा ठेवायचात. पाट्यावर वाटण करायला आईला तोच वरवंटा लागायचा. दुसरा आणा, असं ती म्हणाली असेल की नाही, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. ती रोज वरवंटा उचलायची, त्याच्या जागी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची आणि घाईघाईनं चटणी वाटायची. त्या दिवशीही तसंच झालं. तांब्या कलंडला. आईनं हात पुढे केला तो तांब्या धरायला. पाणी सांडलं तर तुम्ही ओरडाल, एवढंच तिच्या मनात असणार. नागानं अंगठ्याखाली धरलं. तिनं ओरडण्याआधी टोपलीवर परात पालथी घातली, वर वरवंटा ठेवला आणि मग ती खाली बसली.

शेजारचे मेकॅनिकचाचा धावत आले. दुरुस्तीला आलेली जीप त्यांच्या दारात उभी होती. "साब, भाभीला आंबाजोगाईच्या दवाखान्यात नेऊ. गाडी चालू हाय." तुम्ही म्हणालात, "थांब बे. माजा नाग हाय, मला ठावं हाय." आणि दारातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणलात. तुमची तीच परीक्षा होती. साऱ्या परळीत कुणाला पान लागलं, साप चावला, की तुम्ही आधी पाला चघळायला द्यायचात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, चव गेली किंवा गोड लागला तर चढलं. आईनं पाला चघळला. तिनं तुमच्या तोंडाकडे पाहिलं, भाजीत मीठ बरोबर आहे का हे तुमच्या तोंडाकडे बघूनच ती ओळखायची, तसं. "कडू हाय," म्हणाली. तुम्ही दारात जमलेल्यांकडे वळलात. "बगितलं? सुका चावा हाय. पाळलेला हाय त्यो, इख सोडत न्हाई." तेवढ्यात आईनं तो चोथा माझ्या ओंजळीत थुंकला आणि पुटपुटली, "कायबी लागंना गं मला."

मी ओरडले, आबा. सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं की तिला चव लागत नाही. तुम्ही माझ्या तोंडात मारलीत. "इंग्रजी शाळेत खोटं बोलाया शिकिवतेत व्हय?" आणि आईला विचारलंत, पुन्हा. तिच्या पापण्या तेव्हा मिटायला लागल्या होत्या. ती म्हणाली, "कडू हाय म्हणते ना मी." चाचा जीपचा आवाज वाढवत राहिले, तुम्ही त्यांना हातानं थांबवत राहिलात. निघालो तेव्हा तिला गिळता येत नव्हतं. घाट चढताना तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाल्याला विषातलं काही कळत नाही, कडू लागो की गोड. म्हणजे ती खरं बोलली असती तरी त्यातून विषाचं काही कळलं नसतं, फक्त तुम्ही वेळेवर निघाला असतात.

तेराव्याच्या आधी तुम्ही नागाला उंदीर दिलात. "त्याची काय चूक?" म्हणालात. हे तुमचं अगदी बरोबर होतं, आणि तुमचं हेच बरोबर असणं मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तुम्ही दम्यानं गेलात. अंथरुणात गेलात, घाई नव्हती. मी उशाशी होते. मी तुमचा हात हातात घेतला आणि तो किती मऊ आहे याचा मला राग आला.

धाकट्याला आई आठवत नाही, तुम्हीच आठवता. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ लोक बघतात, नागाच्या फण्याला ओठ लावतानाचे. गेल्या महिन्यात त्याची बायको इथे आंबाजोगाईला माझ्याकडे आली. बसली नाही, उभ्यानंच बोलली. "वन्सं, गॅस पेटवायच्या आधी मी झाकणं चाचपते. दूध उतू गेलं तरी आधी खाली बगते. कायतरी करा, पर माजं नाव घेऊ नका." मी धाकट्याला फोन केला. तो हसला. "आक्का, बंदुकीला लायसन देते सरकार. मंग नागाला कावून न्हाई? परीक्षा घ्या, फी घ्या, द्या की. कायदा म्हंजे निसता बंदीच का?" मी खूप विचार केला, आबा, कारण त्याचं म्हणणं अगदीच मूर्खपणाचं नव्हतं. तुमच्या काळातही कायदा होता म्हणे, साहेब लोक चहा पिऊन गेले. पण बंदूक कपाटात असते. नाग चुलीशी असतो, आणि चुलीशी लायसनवाला बसत नाही. परीक्षा घेतली असती तर तुम्ही पहिले आला असता. तुमचं ज्ञान कमी नव्हतं, तुम्हाला कुणाला विचारायचं नव्हतं, आणि त्याची परीक्षा कुठल्या कचेरीत घेणार? मी धाकट्याला म्हटलं, "बायकोला विचारलंस का?" तो म्हणाला, "तिला काय इचारायचं?" तुमचाच आवाज, तुमचाच हेल. मी फोन ठेवला आणि वन खात्याचा नंबर शोधला.

काल अधिकाऱ्यांनी धाकट्याच्या बायकोला विचारलं, "बाई, तुम्हाला यांचा काही त्रास?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "न्हाई साहेब. मला कायबी भ्याव न्हाई. गरीब हायेत." मी तिथेच उभी होते. या वेळी मला मारायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "ती खोटं बोलते, ओट्याखाली बघा." डबे निघाले. धाकट्यालाही गाडीत बसवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आबा असते तर तुला दारात उभी केली नसती." त्याच्या बायकोनं ओट्यावरचा तवा उचलून आपटला. "डबे न्या म्हनले होते मी. मानूस न्या म्हनले होते का, भवाने?" शिवी देताना ती ओट्याकडे पाठ करून उभी होती, आणि ते पाहून मला इतका आनंद झाला की माझी मलाच भीती वाटली.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. एक गोष्ट मात्र राहिली. निघताना त्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या वडिलांच्या वेळचं सापाचं आणखी काही आहे का कुणाकडे? कातडं, कात, काहीही? ठेवता येत नाही." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही." आईच्या आवाजात म्हटलं. घरी येऊन इंग्रजीचं ते पुस्तक काढलं. कात आता पिवळी पडली आहे, कडेनं चुरते आहे, पण डोळ्यांवरचे खवले शाबूत आहेत. ती मी त्यांना देणार नाही, आबा.