प्राणवायूच्या जोडावरचं कुंकू

आबा,

गेल्या महिन्यात सहा माणसं तिकीट काढून आभाळाच्या वर गेली, तीन दिवस पृथ्वीभोवती फिरली आणि सुखरूप समुद्रात उतरली. सरकारनं पाठवलेली नव्हती, फौजेतली नव्हती, शास्त्रज्ञ तर मुळीच नव्हती. हौशी माणसं. आपल्याकडची मंडळी मे महिन्यात महाबळेश्वरला जातात तशी ही वर गेली. आणि तिथे ती जो श्वास घेत होती तो ज्या नळ्यांतून येत होता, त्या नळ्यांचे जोड इस्लामपूरच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये, तुमच्या लेकीच्या लेथवर झाले होते. हे मी आजवर पंचवीस जणांना सांगितलं असेल. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, एकदा तर फोनवर चुकून लागलेल्या माणसालाही सांगितलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि ज्याला पहिल्यांदा सांगायचं तोच राहिला, म्हणून हे लिहायला बसले.

शेड फार मोठी नाही. चार जुने लेथ, एक कॉम्प्युटरवरचं मशीन, नऊ माणसं. तुमच्या हाताखाली शिकलेले मेस्त्री अजून माझ्याकडेच आहेत. गुडघे गेलेत त्यांचे, पण नुसत्या आवाजावरून कुठल्या लेथचं हत्यार बोथट झालंय ते सांगतात. तुम्ही साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर, आणि मला आयटीआयला घातलंत तेही टर्नरलाच. भावकीतले तुम्हाला म्हणाले होते की पोरीला शिवणकाम तरी शिकवायचं, लोखंड कशाला. तुम्ही म्हणालात, तेही मापात कापायचंच काम आहे. मला तर हसूच आवरेना.

पण आयटीआय झाल्यावर तुमच्याच वर्कशॉपमध्ये लागले आणि पहिल्याच वर्षी मी काय केलं ते तुम्ही विसरला नसाल. गळीत हंगाम तोंडावर आलेला, सगळीकडे पंप खोललेले, आणि रसाच्या पंपाचा एक बुश, ती दांड्याभोवतीची लोखंडी कडी, माझ्या हातून केसभर बारीक झाला. पंपातल्या खोबणीत बसवला की सैल. दुसरा करायला वेळ होता, पण चार पुरुषांसमोर 'चुकला' म्हणायची लाज वाटली. मग मी टोकदार पंच आणि हातोडी घेतली आणि बुशला बाहेरून ठिपके मारत गेले. ठिपक्याभोवतीचं लोखंड जरा उचलून येतं आणि बुश घट्ट बसतो. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणीच ती केल्याचं कबूल करत नाही. तुम्ही तो बुश हातात घेतलात, अंगठा फिरवलात आणि खिशात टाकलात. 

संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापतेय. तुम्ही पाटावर बसलाय, आणि ताटाशेजारी तो बुश ठेवलाय. मी भाजीचं पातेलं घेऊन उभी. आईला वाटलं काहीतरी बक्षीसबिक्षीस आहे. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "यंत्राला काय कळत न्हाई. त्ये फसतंय. पर यंत्राजवळ जो हुबा ऱ्हातोय, त्यो कुनाचा तरी असतोय." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी मला चीफ इंजिनियरसाहेबांच्या टेबलापुढे उभं केलंत आणि सगळं सांगायला लावलंत. साहेब हसले, म्हणाले पंपच आहे, चालून जाईल. माझ्यावर चिडला नव्हतात तेवढे तुम्ही त्या हसण्यावर चिडलात. बुश पुन्हा केला, आणि महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. आईशी मात्र बोलले, मुख्यतः तुमच्याविरुद्ध.

तर हे जोडाचं काम. पुण्याच्या एका कंपनीमार्फत आलं, खरं गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडचं. करंगळीच्या दोन पेरांएवढी वस्तू, चोवीस नग. करायला अवघड होती, पण आपल्याला न जमणारी नव्हती. खरी गोम होती स्वच्छतेत. आबा, नुसत्या प्राणवायूत तेलाचा टिपूस जरी राहिला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि पेट घेतला की लोखंडसुद्धा जळतं. म्हणून नग झाला की तो चार पाण्यांत धुवायचा, वाळवायचा, हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करायचा. मी सामानाची खोली रिकामी केली, प्लास्टिकचे पडदे लावले, लाद्या घासून घेतल्या आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी लिहिली: हात धुतल्याशिवाय आत येऊ नये, तेल लावलेल्या डोक्यानं तर मुळीच नाही. मेस्त्री पाटी वाचून म्हणाले, सोवळं पाळायचं राहिलं होतं तेवढं आलं. तेव्हापासून त्या खोलीचं नाव सोवळ्याची खोलीच पडलं.

चोवीस नग धुऊन ताटात मांडले आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहेच, त्या दिवशी लेथला झेंडूचा हार, मायक्रोमीटरला हळदकुंकू, अगदी झाडूलासुद्धा. नारळ फुटला, पेढे झाले, माणसं दुपारीच घरी गेली. मी एकटी शेडमध्ये. हातात पूजेचं तबक. तुम्ही दरवर्षी हंगामाआधी ऊस पिळायच्या पहिल्या रोलरला हळदकुंकवाचं बोट टेकवायचात, आणि का म्हणून विचारलं तर म्हणायचात, सहा महिने माणसं त्याच्याजवळ राबणार आहेत. माझ्या डोक्यात तेच आलं. त्या जोडांजवळ माणसं बसणार होती, तीही अशा ठिकाणी की जिथे खिडकी उघडायची सोय नाही. मी पडदा सारला. एका नगाला, फक्त एका, हळदकुंकवाचं बोट टेकवलं. टेकवलं आणि माझी मलाच पाटी आठवली. मग मी काय करावं? पदरानं पुसलं. आयुष्यभर बायका पदरानंच सगळं पुसतात, त्यातलाच तो हात. ज्या पदराला सकाळपासून नारळाचं पाणी, दिव्याचं तेल आणि पेढ्याचं तूप लागलेलं, त्या पदरानं मी प्राणवायूचा जोड पुसला आणि जागेवर ठेवून दिला. दसऱ्यानंतर पोरांनी सगळे नग पिशव्यांत बंद केले. मी गप्प. पुसलंय की, असं स्वतःला सांगत राहिले.

चार दिवसांनी तपासणीला पुण्याहून इंजिनियर मुलगी आली. साताऱ्याच्या पुढे रस्ता खराब म्हणून वैतागलेली, पण कामाला चोख. तिच्याकडे जांभळ्या उजेडाचा दिवा होता. अंधार करून तो नगावर धरला की तेल, घाण, जे काही असेल ते चमकतं. चोवीसपैकी पाच नग नमुन्याला काढायचे असा तिचा नियम. पाच काढले, पाचही काळे ठिक्कर, कुठे काही चमकलं नाही. तिनं सही केली, पिशव्या पुन्हा बंद केल्या. माझं बोट लागलेला नग त्या पाचात नव्हता, आणि हे त्या शेडमध्ये फक्त मला कळू शकत होतं. मी गप्प बसले असते तर माल गेला असता आणि कुणाला कधी समजलंही नसतं. मी म्हणाले, "मॅडम, थांबा. यातल्या एकाला माझं कुंकू लागलंय."

तिला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा ती रागावली नाही, नुसती खाली बसली. सगळे चोवीस नग पुन्हा काढले, पुन्हा अंधार केला, दिवा धरला. आबा, हळद त्या उजेडात कशी पेटते म्हणून सांगू. सतराव्या नगावर असा हिरवा-पिवळा ठिपका उठला की मेस्त्रींनी हात जोडले. शेजारच्या दोन नगांवरही बारीक रवा. तिन्ही बाद, उरलेले सगळे परत धुवायचे आणि माल पाठवायला हातात सहा दिवस. मुलीनं तिथल्या तिथे परदेशात फोन लावला. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे, मी लेथसारखं बोलते, एका दिशेनं. पलीकडच्या माणसानं विचारलं, पावडर का लावली? मी सांगितलं, आत माणसं बसणार आहेत म्हणून.  तो म्हणाला की असं कारण त्याच्या फॉर्ममध्ये नाही, तरी तो लिहून घेईल. शाबासकी वगैरे काही नाही हं. नऊ पानांचा फॉर्म आला. तो भरायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात मी तीन नवे नग केले. स्वतः केले, मशीनला उभी राहून. डोकं धुतलं, केस टोपीत घातले, नवी साडी नेसले आणि तीही वर पांढऱ्या डगल्यानं झाकली. या खेपेला चोवीसच्या चोवीस नग दिव्याखाली धरले, कुठे काही चमकलं नाही, आणि माल वेळेत गेला. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून दुसरं काम आलं, आधीच्या तिप्पट. सोबत एक ओळ होती की जो आपणहून सांगतो त्याच्याकडे काम द्यायला बरं वाटतं. ती ओळ मेस्त्रींनी मराठीत करून मागितली आणि दोनदा वाचून घेतली.

उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी शेडमध्ये टीव्ही आणला. नऊ माणसं, त्यांची पोरंबाळं, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचे कामगार, उभं राहायला जागा नाही. सहा प्रवाशांत एक बहात्तर वर्षांची बाई होती. जन्मभर बेकरी चालवली, ती विकली आणि त्यातून जागा घेतली. पोरं रुसली म्हणे तिची. मेस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, पैसं भरून वर जायाचं आन परत हितंच यायाचं, ह्यात काय मिळवलं म्हनायचं?" मी तुमची गोष्ट सांगितली. कारखान्याची सहल महाबळेश्वरला गेली होती, सगळे स्ट्रॉबेरी खायला पळाले आणि तुम्ही ढगात गुरफटलेल्या कड्यावर दोन तास उभे राहिलात. ढग हटले तशी खाली कृष्णा दिसली, सुतळीएवढी. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, वरनं बघितल्याबिगर आपलं रान केवढंसं हाय ते कळत न्हाई. मेस्त्रींनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली. चैन आहे ही, मी नाकारत नाही. एवढ्या पैशात आपल्या तालुक्यातल्या किती शाळांची छपरं झाली असती, हे माझ्याही मनात आलं. पण ती बाई खिडकीला नाक लावून बसलेली दिसली आणि माझा सगळा हिशेब मोडला. तिच्या नाकाशी जी हवा जात होती ती आमच्या हातून जात होती. मी रडले, सगळ्यांसमोर. उतरल्यावर त्या बाईला विचारलं, काय पाहिलंत? ती म्हणाली, पहिल्यांदा आपलं गावच शोधलं.

मागच्या रविवारी कराडला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. प्रामाणिकपणावर बोला म्हणाले. मी बोलले, छान बोलले, टाळ्या पडल्या. सही झाली त्याच क्षणी मी थांबवलं, असं सांगितलं. या पत्रातही वर तसंच लिहिलंय, परत जाऊन बघितलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दिसेल असं मशीनवर ठेवायचं नाही, फाडून टाकणार आहे, कारण तुम्ही पहिला प्रश्न विचारला असतात तो असा: लगीच सांगितलंस?

नाही आबा. सही झाली आणि मी तिला चहा दिला. पोहे खायला लावले. पाऊण तास मी तिच्याशी साताऱ्याच्या रस्त्यावर, तिच्या लग्नावर, पावसावर बोलत होते. खोका गाडीत चढवताना एका बाजूनं मीच हात लावला. गाडी फाटकाबाहेर पडली, मेस्त्री लेथकडे वळले, आणि मी म्हटलं, सुटले. मग गाडी वळणावरच्या खड्ड्याशी हळू झालेली दिसली. कशामुळे ते मला अजून सांगता येत नाही, पण मी पदर खोचला आणि पळाले. चपला दारातच राहिल्या. पन्नाशी उलटलेली बाई भर दुपारी एमआयडीसीच्या डांबरावरून अनवाणी धावतेय, टपरीवरची माणसं उठून बघतायत, कुणीतरी चोर कुठंय म्हणून ओरडतंय. मी गाडीच्या काचेवर थाप मारली. पाऊण तास उशीर केला, आबा. पण गाडी गाठली.