अर्थ क्रमांक दोन

प्रिय धाकट्या,

कोशकाका गेले. शुक्रवारी दुपारी, पावणेचारला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अकरा दिवस झुंज दिली त्यांनी. शेवटी जवळ मी आणि शिपाईमामा, दोघंच होतो. त्या मंगळवारी आमच्या कार्यालयात काय झालं ते तू चारचौघांकडून ऐकलं असशील, पेपरात वाचलं असशील. माझ्याकडून ऐकलेलं नाहीस. शेवटपर्यंत वाच. लहानपणी गणितं अर्धी टाकून पळायचास, तसं करू नकोस.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे मला आधी लिहायचंय. आदल्या रविवारी तू जेवायला आलास तेव्हा मी टेबलावर प्रुफं पसरून बसले होते. कोशकाकांचा एकतीस वर्षं रखडत आलेला शब्दकोश एकदाचा 'म'पर्यंत पोचला होता आणि माझ्या हाताखालून 'मंदिर' जात होता. मला मेलीला कोण आनंद! तुला म्हटलं, ये, गंमत दाखवते. मंदिर म्हणजे मुळात नुसतं घर, राहण्याची जागा. राजाचं मंदिर म्हणजे राजाचा महाल. देवाचं घर हा अर्थ मागाहून रुळला, म्हणून कोशात तो क्रमांक दोनला. देऊळ हा शब्दही 'देवकुल'वरून आला, त्यातलं 'कुल' म्हणजेसुद्धा घर. आणि मंदिराच्या नात्यातला आणखी एक शब्द आहे, मंदुरा. त्याचा अर्थ घोड्यांचा तबेला. यावर तू खो खो हसलास. "म्हणजे देव आणि घोडे एकाच खानदानातले!" म्हणालास, आणि गुडघेदुखीनं बेजार झालेली आईसुद्धा हसली. मग तू फोन काढून त्या पानाचा फोटो घेतलास. कधी नव्हे ते तुला माझ्या कामाचं कौतुक वाटलं असं मी समजले. मी पान दोन्ही हातांनी सरळ धरलं. सावली पडू नये म्हणून दिवासुद्धा लावला.

सोमवारी संध्याकाळपर्यंत ते पान गावभर झालं. 'देवाला दुसरा नंबर दिला' इथून निघालेली गोष्ट 'देवळाला तबेला म्हटलं' इथवर पोचली. कार्यालयात फोन सुरू झाले. कोशकाका प्रत्येक फोन स्वतः घेत होते आणि प्रत्येकाला अहोजाहो करत होते. एकानं त्यांना अशी काही शिवी दिली की मी रिसीव्हर हिसकावून घेणार होते, तर त्यांनी हातानं मला थांबवलं, पेन उचललं आणि ती शिवी चिठ्ठीवर टिपून ठेवली. "ही आपल्याकडे नव्हती," म्हणाले. असा माणूस, धाकट्या. त्याला दंगा करायला येणारा माणूसही एखादा नवा शब्द घेऊन येईल अशी आशा असायची.

मंगळवारी सकाळी नऊला तुझा फोन आला. आज कामावर जाऊ नकोस, डोकं दुखतंय म्हणून सांग. मी का म्हणून विचारलं, तर "सांगतोय ना ताई" एवढं बोलून ठेवून दिलास. काही होणार हे मला कळलंच नव्हतं असं मी पोलिसांना पहिल्या जबाबात सांगितलं. तुला खोटं सांगत नाही. निम्मं कळलं होतं. बसमध्ये उभ्या उभ्या मी ठरवत होते की कोशकाकांना सांगावं, दार बंद ठेवू या म्हणावं. पण कुणी सांगितलं असं त्यांनी विचारलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. मी नाही घेतलं. गेले, पर्स अडकवली, चहा केला, आणि कामाला बसले.

अकराच्या सुमारास चाळीसएक जण जिना चढून आले. तोंडाला रुमाल, हातात सळया, काहींच्या हातात नुसत्या विटा. शिपाईमामा दारात आडवे झाले. त्यांच्या मनगटावर सळी बसली तो आवाज अजून माझ्या कानात आहे, वाळकी फांदी मोडल्यासारखा. मग कपाटं. तुला ते कपाट आठवत असेल, छोट्या छोट्या खणांचं. लहान असताना एकदा तू त्यातला एक खण उघडून विचारलं होतंस, यात चॉकलेटं का नाहीत. शब्दांच्या सव्वा लाख चिठ्ठ्या होत्या त्यात. एकेक खण ओढून ते भिंतीवर आपटत होते. कुणीतरी बाटलीतलं रॉकेल चिठ्ठ्यांवर ओतलं. मी टेबलामागे होते. एकानं माझे केस धरले. तेवढ्यात दुसऱ्यानं त्याला ढकललं, माझी मान मागून पकडली, मला फरफटत बाथरूमपर्यंत नेलं आणि आत लोटलं. "आत हो, आणि आवाज करू नकोस." बाहेरून कडी लागली.

रुमालानं तोंड झाकतं, धाकट्या. आवाज नाही झाकत. आणि कोपराखालचा तो टाक्यांचा व्रणही नाही. त्या जखमेवर मीच हात दाबून धरला होता दवाखान्यात पोचेपर्यंत. तू नऊ वर्षांचा होतास. तीन पोरं माझी वेणी ओढत होती म्हणून तू वीट घेऊन त्यांच्यात घुसलास, एकाचे पुढचे दात पाडलेस आणि स्वतःचा हात फोडून घेतलास. त्याची आई रडत आपल्या दारात आली तर आपल्या आईनं तिलाच चार शब्द सुनावले. मी तुला रंगीत पेन्सिलींचा डबा आणून दिला. घरात जो तो म्हणायचा, भाऊ असावा तर असा. त्या पोराचं पुढं काय झालं, त्याला दात बसवले का, हे आपल्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. मी गेले पंधरा दिवस त्या पोराचं नाव आठवायचा प्रयत्न करतेय.

बाथरूमच्या दारावर हवेसाठी एक आडवी फट आहे. मी बादली पालथी घातली आणि वर चढले. कोशकाका खोलीच्या मधोमध उभे होते. तुमच्यातला एक जण तो फोटो छापलेला कागद नाचवत ओरडत होता, कुणी लिहिलं हे. आणि कोशकाका म्हणाले, "मी लिहिलं. बसा ना. प्रश्न चांगला आहे." त्यांना खरंच वाटलं, धाकट्या, की तुम्ही अर्थ विचारायला आलात. आजूबाजूला खण फुटताहेत आणि हा माणूस चष्मा सारखा करत समजावतोय, की बाबांनो, माणसानं देवासाठी परका शब्द शोधला नाही, स्वतःच्या घराचाच शब्द त्याला दिला, यात अपमान कुठं आला? कुणीतरी हसलं. कुणीतरी 'म्हाताऱ्याचं तोंड बंद करा' म्हणालं. तुझ्या हातात तुझ्या गॅरेजमधला लांब दांड्याचा पाना होता. कोशकाका आवाजाच्या दिशेनं वळले आणि तू मारलास. डाव्या कानशिलावर. चष्म्याची काडी आत घुसली. ते लगेच पडले नाहीत. एक हात वर करून त्यांनी कानशील चाचपलं, बोटांकडं बघितलं, आणि मग गुडघ्यांवर बसले, एखादी पडलेली चिठ्ठी उचलायला बसावं तसे.

मग कुणीतरी आगकाडी ओढली. तुम्ही सगळे जिन्यावरून धडाधड पळालात. धूर दाराखालून आत यायला लागला, मी दारावर लाथा मारत होते, आणि तुला हाका मारत होते. तुझ्या नावानं. कडी तू लावली होतीस, काढायला तू आला नाहीस. जिन्यात शुद्धीवर आलेल्या शिपाईमामांनी मोडकं मनगट पोटाशी धरून दुसऱ्या हातानं ती काढली. आम्ही दोघांनी कोशकाकांना पायाला धरून ओढत जिन्यावरून खाली आणलं. त्यांचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटू नये म्हणून मी माझा हात खाली घातला होता. त्या हाताची दोन नखं गेलीत.

दवाखान्यात ते चौथ्या दिवशी शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, मार बरोबर बोलण्याच्या जागेवर बसलाय. त्यांना सगळं कळत होतं, पण शब्द सापडत नव्हते. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे. नर्सला 'किल्ली' म्हणाले. आणि आपण चुकीचा शब्द बोललो हे त्यांना प्रत्येक वेळी कळायचं. मान हलवायचे, पुन्हा प्रयत्न करायचे, पुन्हा चुकायचे. मी चमचा समोर धरून हळूच शब्द सांगायची, ते ओठ हलवायचे, निघायचं भलतंच. सातव्या दिवसापासून त्यांनी बोलणंच सोडलं. पापण्या मिटून पडून राहायचे आणि कडेनं पाणी वाहत राहायचं. तू त्यांना त्या मंगळवारी एकदमच मारलं असतंस तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. असं माझ्या मनात आलं, बघ.

त्याच चौथ्या दिवशी दुपारी तू घरी आलास. मी वाढलं, तू जेवलास. आई आतल्या खोलीत झोपली होती. भाजी पुन्हा मागून घेतलीस आणि मग ताटाकडं बघत विचारलंस, "म्हातारा कसा आहे?" मी म्हटलं, जिवंत आहे. बराच वेळ तू बोटानं ताटावर रेघा ओढत होतास. "खांद्यावर मारणार होतो, ताई. तोच वळला." मी तुझ्या मुस्काटात का नाही मारली, ते मला माहीत नाही. मी तुला पाणी दिलं. दाराशी तू थांबलास आणि म्हणालास, तुला काही झालं असतं तर मी जीव दिला असता. मला तेव्हा धुराबद्दल विचारायचं होतं. नाही विचारलं. हात तसेच पुसत उभी राहिले.

त्यानंतर पोलिसांनी तुला आणि इतर दहा जणांना उचललं. तुझे वकील आईला भेटून गेले. त्यांचं म्हणणं सोपं आहे: सगळ्यांची तोंडं झाकलेली होती, पाना सापडलेला नाही, शिपाईमामा तोवर जिन्यात बेशुद्ध होते. कुणी मारलं हे कुणी बघितलंच नाही. बाई तर बाथरूममध्ये कोंडलेल्या होत्या. आई गेले तीन दिवस हेच वाक्य जपासारखं म्हणतेय, तू कोंडलेली होतीस ना, मग झालं तर. मेलेला माणूस परत येणार आहे का? एकुलता एक भाऊ आहे तुझा. काल तिनं माझे पाय धरले. आईनं मुलीचे पाय धरायचे! मी तिला उठवलं, तिच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं, पण कबूल काही केलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताटावर बसते आणि न जेवता उठते.

आज सकाळी मी पोलिस ठाण्यात जाऊन पहिला जबाब बदलला. बादलीचं सांगितलं, फटीचं सांगितलं, तुझ्या फोनचं सांगितलं. पान दिवा लावून मीच धरलं होतं आणि नऊच्या फोननंतर मीच गप्प बसले होते, हेही लिहून दिलं. त्याचं जे व्हायचं ते होईल. उद्या अकराला ओळख परेड आहे. तुझ्या उंचीचे, तुझ्या बांध्याचे आणखी आठ जण रांगेत उभे करतील आणि मला बोट दाखवायला सांगतील. मी दाखवणार आहे. तिथं अचानक मला समोर बघून तुझा चेहरा उतरू नये, म्हणून तुझ्या वकिलांच्या हाती हे पत्र पाठवतेय. आईला मी सांभाळीन, ती बोलो न बोलो. तुला भेटायला येत जाईन, तू मला भेटायला बाहेर आला नाहीस तरी. फक्त एक कर. उद्या मान खाली घालू नकोस आणि दाढी करून ये. मला तू पहिल्या नजरेत दिसायला हवास. त्या रांगेसमोर जास्त वेळ उभं राहायचं बळ माझ्यात नाही.

तुझीच,
ताई