तिला म्हणजे कोणाला

१४ तारीख, शुक्रवार, दुपार

प्रिय वन्सं,

प्रभूच्या नावात सलाम. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. ह्यांची पाठ अधूनमधून धरते, माझे गुडघे कुरकुरतात, चष्म्याचं दुकान आपलं चालू आहे. तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलं खुशाल असाल अशी आशा करते.

नऊ वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणजे हिला नक्की काहीतरी हवं असणार, असं तुमच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. मला एक विचारायचंय. तुम्ही तुमच्या दादांना अलीकडे काही कळवलंत का? दुकानात फोन करून, कोणाच्या हाती निरोप देऊन, कसंही? असेल तर सरळ सांगा, मी रागावणार नाही. विचारायचं कारण, तुमचे दादा बदललेत.

बदललेत म्हणजे काय ते ऐका. एका सकाळी चहा पिऊन म्हणाले, "छान झालाय." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. चहा गार आहे, गोड आहे, उशिरा आहे, एवढंच आजवर ऐकलं होतं. मी त्यांचाच कप तोंडाला लावून बघितला, चव नेहमीचीच होती. मग गिऱ्हाइकांवर ओरडणं थांबलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचताना कोणी अडखळलं की "शाळेत गेला होतात का?" म्हणणारा माणूस आता "सावकाश वाचा, घाई नाही" म्हणतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ धडधाकट आणि पीळच गायब. मी मनात म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

देवळाचं म्हणाल तर आम्ही दर रविवारी जातच होतो, पण उपदेश सुरू झाला की हे डुलक्या घ्यायचे. आता रोज न्याहारीआधी पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचतात. आणि नेमकं मलाच टोचेल असं काहीतरी निघतं. परवा कुसळ आणि मुसळाचा भाग निघाला. मी विचारलं, "हे माझ्यासाठी का?" म्हणाले, "नाही गं, पान तेच उघडलं." पान आपोआप तेच कसं उघडतं? ते दुकानात गेल्यावर मी खुणेची फीत तपासली. ती भलत्याच ठिकाणी होती. तरी माझं समाधान झालं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना. डोळे मिटून म्हणतात, "प्रभू, तिला सांभाळ. तिच्यासमोर खरं बोलायचं धाडस मला दे." मी एक डोळा किलकिला करून त्यांच्याकडे बघत बसते. तिला म्हणजे कोणाला? आपल्या भाषेत ती कोणीही असू शकते. आधी वाटलं, ह्या वयात बाहेर काहीतरी सुरू झालंय. मग वाटलं, ती म्हणजे तुम्ही. मग एकेक आठवायला लागलं. चोराच्या मनात चांदणं, तसली गत. आईंच्या आजारपणातलं मी इथं उगाळत नाही. तुम्हालाही ते नकोच असेल.

दर बुधवारी दुपारी हे दुकान बंद करून दोन तास कुठंतरी जायला लागले होते. परवाच्या बुधवारी मी मागोमाग गेले. हसू नका. डोक्यावर पदर ओढून, हातात रिकामी पिशवी घेऊन, पन्नाशी उलटलेली बाई नवऱ्याच्या मागावर चालली होती. दोन गल्ल्या पार करून हे एका बैठ्या घरात शिरले. दार उघडणारी बाई होती. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "बाहेर उन्हात कोण आहे? आत या."

त्या निघाल्या शाळेतल्या बाई. निवृत्त, सत्तरीच्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांचं आणि ह्यांचं काय झालं ते मला तिथं बसून कळलं. ह्यांनी त्यांच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली होती. बाई दुसऱ्याच दिवशी सांगायला आल्या, नीट दिसत नाही. हे म्हणाले, "सवय होईल, चार दिवस घाला." चौथ्या दिवशी बाई पायऱ्यांवरून पडल्या आणि मनगट मोडलं. चष्मा परत आला तेव्हा हातात घेताक्षणी ह्यांना चूक कळली, तरी ओरडले की तुम्हीच दांडी वाकवली असणार. आठवड्यानं बाई पुन्हा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चूक तुमची आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी तुम्हाला क्षमा केली आहे. पुढचा चष्माही तुमच्याकडेच करणार." एवढंच. त्या दिवसापासून हे बुधवारी जाऊन त्यांना शास्त्र वाचून दाखवतात, कारण एका हातात त्यांना ते जाड पुस्तक पेलत नाही.

म्हणजे बाहेर काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, पण पडून राहिला नाही. बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. ह्या रविवारी हे देवळात मंडळीपुढे साक्ष देणार आहेत, आपली चूक कबूल करणार आहेत. तुम्हीही ऐका." हे लाल झाले, पण कागद काढून वाचायला लागले.

"माझी आई अंथरुणावर होती. तिच्या हातून वाटी सांडली म्हणून तिच्या हातावर मारलं गेलं. माझ्या बहिणीनं ते पाहिलं आणि मला सांगितलं. मी बहिणीला खोटारडी म्हणालो आणि घराबाहेर काढलं. आईच्या मनगटावरचे वळ मी सकाळीच पाहिले होते. बहीण खरं बोलतेय हे मला माहीत होतं."

मारलं गेलं. कोणी मारलं, ते त्या वाक्यात नव्हतं. पुढे होतं, "बहिणीनं नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि ते तिचं योग्यच आहे."

परत येताना मी अर्ध्या रस्त्यात थांबले. मग मी विचारलं, "जेवताना तिला, तिला म्हणता, ती वन्सं ना?"

"नाही," हे म्हणाले. "ती तू. मला सगळं माहीत होतं हे तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चादरी तू बदलायचीस, भरवायचीस तू. मी दुकानात बसून वर ओरडायचो की आईचा आवाज खाली येतोय. तुला विचारलं असतं तर तू मलाही विचारलं असतंस."

म्हणाले, मी तुला माफ केलंय. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, महिना होऊन गेला. बदल्यात काय हवंय? म्हणाले, काही नको, कृपा अशीच असते. वन्सं, काही नको म्हणणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. मागणाऱ्याला काहीतरी देऊन मोकळं होता येतं. दोन दिवस मी त्यांचं वाक्य उलटंपालटं करून बघतेय, काही छुपं सापडतं का म्हणून. काही सापडत नाही.

आता लिहूनच टाकते. तुम्ही खरं बोललात. मी आईंना मारलं. एकदाच, पण मारलं, आणि मग आईंच्या उशाशी बसून तुमच्या तोंडावर नाही म्हणाले. आई ऐकत होत्या. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आणि दुसरं, जे ह्यांना माहीत नाही. तुम्ही ह्यांच्या नावानं तीन पत्रं पाठवलीत. एक आई गेल्यावर, एक तुमच्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, एक काहीच कारण नसताना. हे मागं काच घासत बसलेले असायचे आणि टपाल माझ्या हातात पडायचं. तिन्ही पाकिटांवर "घ्यायचं नाही" असं लिहून मीच परत केली. त्यांचं अक्षर मला हुबेहूब काढता येतं, दुकानातल्या चिठ्ठ्या मीच तर लिहिते. भावानं तीनदा तोंडावर दार लावलं, असं तुम्हाला नऊ वर्षं वाटत असणार. त्यानं नाही लावलं. पाकिटं मी फोडली नाहीत, म्हणून तेवढं पाप कमी, असा हिशोब मी बरीच वर्षं धरून होते. तुमचा पत्ता मला तिथूनच पाठ झालाय.

म्हणजे सुरुवातीला मी जे विचारलं, की तुम्ही काही कळवलंत का, त्यात काही अर्थ नव्हता. तुम्ही कळवलं असतं तर ते मी ह्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नसतं. मला फक्त कळायचं होतं, मी कितपत पकडली गेलेय.

रविवारी हे भर मंडळीत उभे राहून सांगणार की बहिणीनं एक ओळ लिहिली नाही. देवासमोर, माझ्यामुळे, खोटं, आणि त्यांना ते खरं वाटणार. ते मला ऐकवणार नाही. मला पश्चात्ताप झालाय की पकडलं जायची भीती आहे, हेही मला नक्की सांगता येत नाही. माझा माझ्यावरच विश्वास नाही. पत्र इथं थांबवून खाली जाते आणि त्यांच्या हातात देते.

संध्याकाळ, पाच वाजता

दिलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. तुमच्या तीन पत्रांपाशी आले तेव्हा कागद काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर दाबून धरले, वाऱ्यानं उडेल की काय असे. मला वाटलं आता तो जुना आवाज येणार. खरं सांगते, तो यावा असं मला वाटत होतं. तो मला ओळखीचा आहे.

आवाज आला नाही. रडले, वन्सं. आईंच्या वेळीही रडले नव्हते. मग म्हणाले, "तीनदा लिहिलं तिनं." तेच दोनदा म्हणाले. मी विचारलं, "आता मला माफ करता येईल?" म्हणाले, "आज नाही. आज येत नाही. उद्या प्रार्थना करून बघतो." आणि बघा, त्यांच्या ह्या वाक्यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला.

रविवारची साक्ष त्यांनी रद्द केली. देवळाच्या पाळकांना निरोप दिला की आधी बहिणीच्या दारात जाऊन येतो, मग देवळात उभा राहीन. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं निघणार आहेत. मला म्हणाले, "तूही चल." हे त्यांनी मनापासून म्हटलं की जिभेला कष्ट देऊन, ते मला ओळखता आलं नाही. पण मी येतेय.

तुम्ही आम्हाला माफ करा असं मी लिहीत नाही. ते मागायला तोंड नाही. एवढंच मागते की बेल वाजली तर ह्यांच्यासाठी दार उघडा. मी वर येणार नाही. खाली रस्त्यावर उभी राहीन, तुम्ही खिडकीतून बघितलंत तर दिसेन. बोलावलं नाहीत तर ह्यांना घेऊन परत जाईन.

तुमची म्हणायचा हक्क उरला नाही, म्हणून नुसतीच,

वहिनी