कमळच्या पानावर दूध वाढू नये

मी, हरिश्चंद्र धर्माजी राऊत, बी.ए., वय वर्षे चौसष्ट, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हा लेख स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. स्मरण शाबूत आहे. बुद्धी स्थिर आहे, असेही अशा लेखात लिहावयाचे असते. माझी पत्नी कै. सौ. कमळ गेल्या माघात निवर्तली; तेव्हापासून बुद्धी स्थिर नाही. तथापि मालमत्तेची व्यवस्था लावण्यापुरती आहे, असा डॉ. वर्तक यांचा निर्वाळा आहे.

कलम १. माझी सर्व पुस्तके, मी ज्या शाळेत शिकविले तिच्या ग्रंथालयास द्यावीत. समासातील शेरे माझे आहेत. ते खोडू नयेत.

कलम २. गोठ्यातील कपिला गाय व तिची पाडी बाळाजी गवळी यास द्यावी. बाळाजी माझ्याशी कित्येक वर्षे कामापुरतेच बोलतो, व त्यास कारण आहे. त्याच्या घरून आलेला खरवस मी दर वेळी एक घास घेऊन परत पाठविला आणि "चीक निर्भेळ नाही" असे चारचौघांत सांगितले. चीक निर्भेळ होता. अट एकच : गाय व्याली की पहिला चीक पाडसाने पोटभर प्यावा, उरल्यास माणसांनी पाहावे. आमच्या गोठ्यातील वासरे गावात सर्वांत धष्टपुष्ट निघत. त्याचे श्रेय मी निवडलेल्या पेंडीला देत असे. ते काढून घेत आहे.

कलम ३. वरील विधानाचा खुलासा करणे प्राप्त आहे.

कमळच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाळाजीकडून खरवस आला. माझ्या पोटात अन्न ठरत नव्हते, आणि लहानपणापासून मन बिघडले की मला खरवस लागतो, हे घरात सर्वांस ठाऊक आहे. कमळची धाकटी बहीण वेणूबाई, राहणार बोर्ली पंचतन, आजारी बहिणीच्या शुश्रूषेसाठी येऊन राहिली होती. तिने माझ्यापुढे दोन वाट्या ठेवल्या.

"एक बाळाजीकडची, एक घरची. ओळखा बघू, खरा खरवस कुठला?"

मी दोन्ही चाखल्या. एक संपविली. म्हणालो, "हा खरा. कमळ करीत असे तसा. दुसऱ्याला उग्र वास आहे."

"भावोजी, बी.ए. झालात ना तुम्ही? मग जीभ कुठल्या इयत्तेत राहिली? तुमच्या ह्या खऱ्यात दुधाचा थेंब नाही. नारळ आहे तो, आपल्याच वाडीतला."

"अशक्य."

"अशक्य, तर वाटी चाटूनपुसून का ठेवलीत?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पाट्याजवळ पिळलेल्या खोबऱ्याचा चोथा पडला होता. तो मी चिमूटभर तोंडात घालून पाहिला. नारळच होता.

नंतर वेणूबाईने सांगितलेली हकीकत अशी. आमचा एकुलता मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला, त्याच आठवड्यात आमची गाय व्याली व वासरू मेले. वासरू पुढ्यात नसले की गाय पान्हा चोरते. म्हणून रिवाजाप्रमाणे बाळाजीच्या बापाने मेलेल्या वासराचे कातडे सोलले, त्यात पेंढा भरला, शिवले आणि गाईपुढे उभे केले. गाय ते चाटू लागली व तिने पान्हा सोडला. कमळच्या अंगावरचे दूधही तेव्हा आटलेले नव्हते. ती मागील दारात उभी राहून पाहत होती.

त्या चिकाचा खरवस तिनेच केला. मी खाल्ला. मुलगा गेल्यापासून त्या रात्री मला प्रथम झोप लागली, व सकाळी मी तिचे आभार मानले, हे मला स्वच्छ आठवते. त्या दिवसापासून तिने दूध, दही, तूप तोंडास लावले नाही, आणि घरात खरवस झाला तो नारळाचा; चीक सगळा वासरांच्या पोटी गेला. चहा ती कोरा घेई. मला वाटे, पित्तामुळे. मला ताक वाढून स्वतः आमसुलाचे सार घेई. मला वाटे, आवड.

"मला का सांगितलं नाही तिने?" असे मी विचारले.

वेणूबाई प्रथमच हळू आवाजात बोलली. "म्हणायची, खरवस खाल्ला की त्यांना झोप लागते गं. सांगितलं तर तेवढीही जाईल."

ती गेली आहे.

कलम ४. या पदार्थाविषयी पुढे वाद उद्भवू नये म्हणून कृती येथे नमूद करतो. डॉ. वर्तक यांनी हरकत घेतली : "मास्तर, मृत्युपत्रात तवकीर? उद्या कोर्ट तुमचं सोडून माझं डोकं तपासायला लावेल!" हरकत नोंदविली, अमान्य केली.

जून नारळ खवून, वाटून, बेताचे कोमट पाणी घालून पहिले दाट दूध काढावे. दुसरे घेऊ नये. गूळ विरघळवून गाळावे. खरवस घट्ट धरावा म्हणून घालावयाची तवकिराची पूड आधी नारळाच्याच थोड्या गार दुधात कालवावी व मग मिसळावी; एकदम टाकल्यास गाठी होतात. माझ्या हातून अद्याप होतात. वेलची, जायफळ घालून, हळदीच्या पानाने झाकून मोदकपात्रात वाफवावे. पान हे नारळाचा वास झाकण्यासाठी आहे. ती कमळच्या माहेरची रीत आहे, असे मी पाहुण्यांस कौतुकाने सांगत आलो, आणि ती शेजारी उभी राहून मान डोलावीत असे. मोदकपात्र वेणूबाईस द्यावे.

कलम ५. राहते घर व नारळाची वाडी ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता पुतण्या रामचंद्र यास मिळेल, असे सर्वजण धरून चालले आहेत. मीही चाललो होतो. येत्या वर्षश्राद्धाच्या पानाविषयी मी त्यास विचारले.

"काका, श्राद्धाला दुधाची खीर पाहिजेच. नारळाचं दूध वाढलं तर सगळी भावकी हसेल."

"हसू दे."

"अहो, काकू काय बघायला येणार आहे?"

रामचंद्र मनाने वाईट नाही. माझ्या दुखण्यात मुंबईहून रेवसच्या लाँचने औषधे त्यानेच आणली. परंतु गेलेली माणसे पाहत नसतील तर खीर कोणासाठी, आणि पाहत असतील तर कमळ का पाहणार नाही? सबब घर व वाडी वेणूबाईने तिच्या हयातीपर्यंत उपभोगावी. तिच्यामागे ही मालमत्ता रामचंद्राची होईल. मात्र तोपर्यंत दर वर्षी कमळच्या श्राद्धास त्याने यावे, तिच्या पानावर दूध, दही वा तूप वाढू नये, आणि स्वतः त्याच पंक्तीस बसून जेवावे. भावकीस हसू आल्यास तिलाही वाढावे. अट मोडल्यास घर व वाडी विकून पैसा शाळेस द्यावा.

माझ्या स्वतःच्या पानाविषयी आग्रह नाही. मी दूध सोडलेले नाही; सकाळचा चहा दुधाचाच घेतो. हे न लिहिल्यास हा लेख अप्रामाणिक ठरेल.

कलम ६. यापूर्वी मी केलेल्या सर्व व्यवस्था या लेखाने रद्द झाल्या, असे समजावे. एक गोष्ट रद्द करण्याचा अधिकार मला कोणताही कायदा देत नाही. तेराव्या दिवशी पाने मांडली होती व भटजी खोळंबले होते. वेणूबाई माजघराच्या दारातून म्हणाली, "भावोजी, ताईच्या पानावर दूध नको हो." मला वाटले, दुःखाच्या भरात बोलते आहे. खिरीची पळी माझ्याच हातात होती. मी ती कमळच्या पानावर रिकामी केली. आणि कमी वाटली, म्हणून पुन्हा भरून वाढली.

येणेप्रमाणे लिहिले ते मी वाचून पाहिले, व खालील दोघांच्या देखत सही केली.

(सही) हरिश्चंद्र धर्माजी राऊत

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मोरेश्वर बाबाजी वर्तक, चौल
२. (सही) रघुनाथ पांडुरंग चुरी, शेजारी, चौल

मुक्काम चौल, ता. ७ डिसेंबर १९५८